अनवाणी वाटेवरचे भाडेकरू

वीब्केचा प्रकल्प पुरा व्हायला फक्त चार दिवस राहिले होते. तिच्या आयुष्यात असा प्रसंग प्रथमच येत होता. म्हणजे प्रकल्प बरेच झाले होते, पुरा होण्याचा प्रसंग पहिला. एकोणीस वर्षांत तिने व्हायोलिन सुरू केलं होतं, ज्युदो सुरू केलं होतं, मधमाश्या पाळायची पेटी आणली होती आणि आत्याला स्वेटर विणायला घेतला होता. त्या स्वेटरची एक बाही झाली, तेवढ्यात उन्हाळा आला. 'वीब्केचं झालं' हे वाक्य त्या घरात फक्त जेवणाच्या टेबलावर ऐकू येई.

वडील हार्म्स हे कर-सल्लागार. लोकांचे अर्धवट कागद पुरे करून देण्यावरच त्यांचा संसार उभा होता, त्यामुळे पोटची मुलगीच अर्धवटपणाची खाण निघावी याचं त्यांना फार लागे. शाळा संपल्यावर वीब्केने जाहीर केलं की, मी वर्षभर बोकेनरोडे गावच्या टेकडीवरच्या वनघरात, म्हणजे निसर्ग-केंद्रात, स्वयंसेविका म्हणून राहणार आणि मग जंगल खात्यात शिकाऊ म्हणून लागणार. वडिलांनी चष्मा काढून पुसला.

"वर्षभर? सलग?" ते म्हणाले.

"सलग, बाबा."

"बघ हं. त्या वनघराचा नियम मी वाचलाय. प्रत्येकाने स्वतःचा एक प्रकल्प करायचा. शेवटी दाखला मिळतो, त्यावर दोन चौकोन असतात. 'पूर्ण' आणि 'अपूर्ण'. 'पूर्ण'वर खूण नसेल तर जंगल खातं तुला दारात उभं करणार नाही. तसं झालं तर एक सप्टेंबरला सकाळी आठ वाजता माझ्या ऑफिसात यायचं. खिडकीपाशी जागा केली आहे. शब्द?"

"शब्द."

एवढ्यावर कुठलाही बाप थांबला असता. हार्म्स यांनी ते टंकून आणलं, दोघांच्या सह्या घेतल्या आणि एक प्रत तिला दिली.

तेव्हा वीब्केने शहाणपणाने सगळ्यात छोटा प्रकल्प निवडला, वनघराची अनवाणी वाट दुरुस्त करण्याचा. बीचच्या झाडांखाली चाळीस मीटरची वाट, तिच्यात लाकडी चौकटी. एकीत सूचिपर्णी झाडांची बोंडं, एकीत गोटे, एकीत शेवाळ, वाळू, सालपटं आणि शेवटच्या मोठ्या चौकटीत चिखल. बूट-मोजे काढायचे आणि तुडवत जायचं. पायाला टोचून घेण्यासाठी माणसं तीस-तीस किलोमीटर गाडी हाकत येतात आणि परतताना आपण निसर्गाच्या जवळ गेल्यासारखी दिसतात.

काम पंधरा दिवसांचं. पण वनघर चालवणाऱ्या मंडळाला त्याचा वास लागला आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. एका आजोबांचं म्हणणं, बोंडं पाइनचीच हवीत, स्प्रूसची पायाला लबाड लागतात. दुसऱ्यांच्या मते चिखल वीटभट्टीच्या मातीचाच व्हावा, बाकीचा नुसता ओला कचरा. मग विम्याचा प्रश्न निघाला. 'आपापल्या जबाबदारीवर चालावे' अशी पाटी लावायचं ठरलं आणि पाटी किती उंचीवर लावावी यासाठी तीन सभा झाल्या. उंच लावली तर मुलांना दिसत नाही, खाली लावली तर तिच्यावरच ठेच लागायची. तिसऱ्या सभेत पाटी मध्यम उंचीवर लावण्याचा ठराव सात विरुद्ध सहा मतांनी मंजूर झाला. यात एप्रिल आणि मे गेले. मेअखेर पाऊस लागला तो हटेना, आणि चिखलाच्या चौकटीचं डबकं झालं. आटेल आपोआप, म्हणून वीब्केने ते तसंच सोडलं. उद्‌घाटन वीस जूनला होतं.

सोळा जूनला सकाळी ती डबक्यापाशी फावडं घेऊन आली आणि पाण्यातून कोणीतरी तिच्याकडे पाहिलं. इवलासा मातकट बेडूक. तिने वाकून पाहिलं, तशी त्याने पाठीची कमान केली आणि हातपाय वर उचलले. पोटाखालून लिंबासारखा पिवळा रंग झळकला. शेजारी दुसरा होता. आणि गवताच्या काड्यांना अंड्यांचे छोटे छोटे पुंजके चिकटले होते.

वीब्केला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. पिवळ्या पोटाचे बेडूक! वनघराच्या भिंतीवर त्यांचं चित्र होतं, खाली लाल अक्षरांत 'अतिदुर्मीळ'. आणि वनघराचा पहिला नियमच होता, दिसलं की नोंदवा. तिने फोटो काढले, जागेचे अंक टिपले, जिल्ह्याच्या निसर्ग-कचेरीच्या ऑनलाइन यादीत व्यवस्थित भरले आणि धाडून दिले. वर्षभर तिने एकही नोंद अर्धवट ठेवली नव्हती. ही तर नमुनेदार झाली होती.

मग ती धावत टीटयेनबाईंकडे गेली. टीटयेनबाई वनघराच्या प्रमुख. उंच, कोरड्या, आणि तत्त्वाच्या बाबतीत लोखंडी.

"चिखलात?" टीटयेनबाईंनी विचारलं. "आपल्या चिखलात?"

"हो ना! अंडीसुद्धा आहेत!"

"आणि नोंद... केलीस?"

"केली."

"पाठवलीस?"

"लगेच! तुम्हीच म्हणता ना, बाई, की दिसलं की—"

टीटयेनबाईंनी डोळे मिटले. मग दाढ उपटून घेणाऱ्या माणसाच्या आवाजात त्या म्हणाल्या, "बरोबर केलंस."

ज्या कचेरीतून साध्या पत्राच्या उत्तराला सहा आठवडे लागतात, तिथून माणूस दीड तासात आला. पापेनफूस त्यांचं नाव. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, खिशात घडीची मोजपट्टी आणि चेहऱ्यावर बारशाला आल्यासारखा आनंद. त्यांनी वीब्केचा हात दोन्ही हातांत घेऊन हलवला.

"अभिनंदन! अख्ख्या जिल्ह्यात अशा सातच जागा उरल्या होत्या. ही आठवी. तुम्ही केलीत?"

"मी... चिखल केला होता."

"अप्रतिम चिखल," पापेनफूस मनापासून म्हणाले आणि चौकटीभोवती लाल-पांढरी पट्टी बांधू लागले. आत कोणी पाय घालायचा नाही. बेडूक हलवायचे नाहीत. डबकं आटू द्यायचं नाही. नळाचं पाणी घालायचं नाही, त्यात औषध असतं. तळ्याचं घालायचं नाही, त्यातून रोग येतो. फक्त पावसाचं. शेवटचं पिल्लू आपल्या पायांनी निघून जाईपर्यंत.

"म्हणजे कधी?" वीब्केने विचारलं.

"ऑगस्टअखेर. उन्हाळा थंड गेला तर सप्टेंबर."

वीब्केचं वर्ष एकतीस ऑगस्टला संपत होतं. तिने घसा साफ केला. "साहेब, आणि त्यांना अलगद उचलून शेजारच्या खड्ड्यात..."

पापेनफूस यांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते वाक्यही अपूर्णच ठेवलं. दुसऱ्या दिवशी चार पानी आदेश आला, खाली शिक्का. टीटयेनबाईंनी पहिलं पान वाचलं, सुस्कारा सोडला आणि तो फळ्यावर टाचला.

संध्याकाळी सायकलवरून हासेलब्रिंगकाका आले. हे गावच्या अग्निशमन दलाचे प्रमुख. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या दलाला ठाण्यामागे गाड्या लावायला जागा करायची होती. तिथे टायरच्या चाकोरीत साचलेल्या पाण्यात असलेच दोन बेडूक निघाले, आणि टीटयेनबाईंनी कचेरीला अकरा पानी पत्र लिहिलं. तेव्हापासून दलाच्या गाड्या दफनभूमीच्या भिंतीला लागून उभ्या राहतात, आणि आगीची घंटा झाली की जवान थडग्यांमधून पळत सुटतात. काकांनी सायकल झाडाला टेकवली, पट्टीपाशी आले आणि टोपी काढली.

"फार वाईट झालं हो, टीटयेनबाई," ते म्हणाले. "ऐकलं आणि राहवेना. म्हटलं, भेटून यावं."

"हासेलब्रिंग, तुम्हाला मजा वाटतेय."

"छे छे! दोन वर्षांत पहिल्यांदा झोप लागेल आज. ए पोरी, किती आहेत गं?"

"दोन मोठे. अंडी शंभरेक."

"शंभर!" काकांनी टोपी पुन्हा घातली. "आमच्याकडे दोनच होते. तुमच्याकडे चाळ भरली की! आता हे भाडेकरू निघतात होय?"

वीस जूनला उद्‌घाटन झालंच, कारण केक भाजून झाले होते. मात्र चिखलाच्या चौकटीपर्यंत गेलेली माणसं पट्टीपाशी अडायची आणि मागे फिरायची, समोरून येणाऱ्यांना धडकायची. वाळूच्या चौकटीत अनवाणी माणसांची अशी कोंडी झाली की, एका बाईंच्या पायावर दुसऱ्यांचा पाय पडून शब्दाला शब्द वाढला. हार्म्स टाय लावून आले होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, डबक्याकडे पाहिलं, फळ्यावरचा आदेश पाहिला आणि कॉफीचा कप हातात धरून तो वाचायला लागले. कॉफी गार झाली तरी ते वाचतच होते. शेवटी त्यांनी विचारलं, "याची एक प्रत मिळेल?"

प्रत मिळाली. घडी करून खिशात घालताना ते म्हणाले, "म्हणजे सध्या तरी अर्धंच."

ते रागावले असते तर वीब्केला बरं वाटलं असतं. ती वनघरामागे जाऊन लाकडांच्या ढिगावर बसली आणि रडली. व्हायोलिन तिने स्वतः सोडलं होतं, ज्युदोही. पण हे तिला खरोखर पुरं करायचं होतं, आणि तिची वाट अडवली होती ती अंगठ्याएवढ्या दोन जीवांनी. त्यांच्यावर धड चिडताही येत नव्हतं.

जुलै कोरडा गेला. वनघराच्या पन्हाळीखालचं पिंप आठवड्यात रिकामं झालं. डबकं बोटबोट उतरू लागलं, आणि आत शंभरेक काळे ठिपके शेपट्या हलवत होते. पावसाच्या पाण्याचा मोठा साठा अख्ख्या बोकेनरोडेत एकाच ठिकाणी होता, अग्निशमन ठाण्याच्या छपराखाली.

"देतो की," हासेलब्रिंगकाका वीब्केला म्हणाले. "पण टीटयेनबाईंचं पत्र हवं. त्यांची पत्रं फार सुंदर असतात."

टीटयेनबाईंनी दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, स्वतःला आणि इतरांनाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी पत्र लिहिलं. अर्धं पान. त्यात 'विनंती' हा शब्द होता आणि तो लिहिताना पेनाने कागद जरा फाटला होता. काकांनी ते ठाण्याच्या भिंतीवर चौकटीत लावलं, आणि त्याच दुपारी निळा दिवा फिरवत पाण्याचा बंब टेकडीवर आला. अंगणवाडीची पोरं टाळ्या पिटत मागून धावली. नळीने पाणी सोडलं तर पिल्लं थेट वेझर नदीत गेली असती, म्हणून ते बंबातून पिंपात आणि पिंपातून बादलीने डबक्यात घालावं लागे, तेही चाळणीवरून, थेंबाथेंबाने. रोज सकाळी सहा बादल्या. वीब्केच्या तळव्यांना घट्टे पडले. एकदा पाय सटकून ती पट्टीवरून आत पडता पडता वाचली, म्हणजे बाहेरच्या खाजकुयलीसारख्या झुडपात पडली. पण अंगाची आग होत असतानाही पहिला विचार आला तो बादली सांडली नाही ना, हा.

मग बगळा आला. राखाडी, लांबलचक, सकाळी सकाळी डबक्याच्या काठावर उभा, जसा काही न्याहारीला बोलावलाय. वीब्केने हातात काठी घेतली आणि थबकली. बगळाही संरक्षित होता. तिने पापेनफूस यांना फोन लावला.

"हाकलू?"

"हाकलणं म्हणजे त्रास देणं," पापेनफूस म्हणाले. "त्याला स्वतःहून जावंसं वाटेल असं काहीतरी करा."

वीब्के डबक्याशेजारी स्टूल टाकून बसली आणि बगळ्याला मोठ्याने वाचून दाखवू लागली. हाताशी काही नव्हतं म्हणून फळ्यावरचा आदेशच काढून आणला. 'उपरोक्त कायद्याच्या कलम चव्वेचाळीसमधील उपकलमान्वये...' दुसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी बगळा उडाला. पुढचे पंधरा दिवस तो रोज यायचा आणि रोज दुसऱ्या परिच्छेदाला जायचा. त्यामुळे तो आदेश त्यापुढे वाचायची वेळ वीब्केवर कधी आलीच नाही.

ऑगस्टात पिल्लांना पाय फुटले. नखाएवढे बेडूक एकेक करून काठावर चढत आणि गवतात नाहीसे होत. पंचवीस तारखेला तीन उरले, सत्तावीसला एक. त्याला मागचे पाय होते, पुढचे नव्हते, आणि घाईचा लवलेशही नव्हता. काकांनी त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. गावभर त्याचीच चर्चा. बेकरीत पाव घेताना लोक विचारत, साहेबांना पाय आले का? अग्निशमन दलात बिअरच्या क्रेटची पैज लागली. टीटयेनबाई असल्या चर्चेत पडत नसत, पण दुपारी दोनदा तरी सहज म्हणून त्या बाजूला येत.

एकोणतीसला पुढचे पाय आले. तीसला शेपूट आखडली. एकतीस ऑगस्टला सकाळी सव्वासात वाजता साहेब काठावर आले, जगाकडे पाहिलं, पुन्हा पाण्यात गेले. साहेब पुन्हा वर आले, बराच वेळ बसले, आणि एक उडी मारून गवतात गेले.

वीब्के ओरडत वनघरात शिरली. टीटयेनबाईंनी तिला मिठी मारली आणि लगेच कपडे सारखे करत म्हणाल्या, "आता पापेनफूस यांची लेखी मंजुरी घे."

वीब्केच्या मेलला पापेनफूस यांच्याकडून क्षणात उत्तर आलं. आपोआप येतं तसलं. 'मी तीन सप्टेंबरपर्यंत रजेवर आहे. तातडीच्या कामासाठी श्रीमती क्लाप्रोट यांच्याशी संपर्क साधा.' श्रीमती क्लाप्रोट यांचंही उत्तर क्षणात आलं. त्या दहा सप्टेंबरपर्यंत रजेवर होत्या. तातडीच्या कामासाठी श्री. पापेनफूस यांच्याशी संपर्क साधायचा होता.

टीटयेनबाईंनी दाखला पुढ्यात ओढला, पेन उघडलं, दोन चौकोनांकडे बराच वेळ पाहिलं आणि पेन पुन्हा मिटलं.

"कुणाला कळणार आहे, बाई?" दारातून हासेलब्रिंगकाका म्हणाले. ते साहेबांना निरोप द्यायला आले होते. "मारा फुली. मी काही बोलणार नाही. देवाशप्पथ."

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीही मला हेच म्हणाला होतात, हासेलब्रिंग. मी तुम्हाला नाही म्हटलं होतं. आज माझ्यावर आलं म्हणून हो म्हणू?" टीटयेनबाई वीब्केकडे वळल्या. "पोरी, मला माफ कर."

काकांनी टोपी काढली, आणि या वेळी थट्टेने नाही.

वीब्के बाहेर आली. बाईंचा राग येत नव्हता, हेच फार जड होतं. तिने वडिलांना फोन लावला.

"बाबा, उद्या आठलाच यायचं ना?"

"का? काय झालं?"

तिने सांगितलं. साहेब, उडी, रजा, मंजुरी.

"कुठे आहेस? तिथेच थांब," हार्म्स म्हणाले.

पंचविसाव्या मिनिटाला त्यांची गाडी टेकडीवर आली. हातात फाईल. तिच्यात आदेशाची ती प्रत, पिवळ्या रंगाने रेघोट्या मारलेली. त्यांनी कोणालाही नमस्कार न करता ती टीटयेनबाईंपुढे उघडली.

"पान तीन, मुद्दा नऊ. वाचा."

टीटयेनबाईंनी वाचलं. चष्मा लावून पुन्हा वाचलं. 'शेवटचे पिल्लू निघून गेल्याची नोंद केंद्राने यादीत करताच हा आदेश आपोआप संपुष्टात येईल. वेगळ्या मंजुरीची आवश्यकता नाही.'

"हे... पहिल्यापासून यात होतं?" काकांनी विचारलं.

"सतरा जूनपासून," हार्म्स म्हणाले. "मला वाटलं, तुम्ही वाचलं असेल. आदेश कोणी अर्धा वाचतं का?"

वीब्केने त्या बगळ्याची आठवण कोणाला सांगितली नाही. तिने यादी उघडली, नोंद केली, धाडली. टीटयेनबाईंनी 'पूर्ण'वर फुली मारली, इतकी जोरात की ती खालच्या कागदावरही उमटली. वीब्केचा जीव भांड्यात पडला. नुसता पडला नाही, आत चांगला आडवा होऊन झोपला. हासेलब्रिंगकाका म्हणाले, "हा मुद्दा नऊ आमच्या आदेशातही असेल का हो?" आणि उत्तराची वाट न बघता सायकलकडे धावले.

पट्टी सोडली तेव्हा दुपार झाली होती. हार्म्स वाटेच्या तोंडाशी बसून बुटांचे बंद सोडत होते. त्यांनी मोजे घडी करून बुटात ठेवले, पँट दुमडली, टाय शर्टाच्या आत खोचला आणि चालू लागले. बोंडांवर ते "आई गं" म्हणाले, गोट्यांवर काहीच म्हणाले नाहीत, आणि शेवटी चिखलात पोटरीपर्यंत रुतून उभे राहिले. वीब्के त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"बाबा, थँक यू."

"जुलैत एकदा आलो होतो," ते चिखलाकडे बघत म्हणाले. "तुला न्यायला. म्हटलं, बास झालं, पोर उगाच झिजतेय. तू त्या बगळ्यासमोर बसून काहीतरी वाचत होतीस. तो उडेपर्यंत. मग उठून सहा बादल्या घातल्यास. मी गाडीतून उतरलोच नाही."

"मग?"

"मग ऑफिसात गेलो आणि ती खिडकीजवळची जागा दुसऱ्या मुलीला दिली. एक ऑगस्टपासून येतेय ती. हुशार आहे."

"आणि मला सांगितलं नाहीत? महिनाभर मी तळमळत होते, बाबा! रात्र रात्र!"

"सांगितलं असतं," हार्म्स पाय उपसायचा प्रयत्न करत म्हणाले, "तर तू हे पुरं केलं असतंस?"

वीब्केने उत्तर द्यायला तोंड उघडलं, जरा विचार केला, आणि त्यांना हाताला धरून चिखलाबाहेर ओढलं.